तीन चाकांचं लायसन

जुलै २०१४ संपत आला होता. पूर्व दिल्लीतल्या त्रिलोकपुरीत एक बाई तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन रस्त्यानं चालली होती. कडेला मिठाईचं दुकान होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असते तशी भट्टी बाहेर, रस्त्याला लागूनच होती आणि कढईत साखरेचा पाक उकळत होता. एका ई-रिक्षाची बाईला धडक बसली, मूल कडेवरून सुटलं आणि कढईत पडलं. ते वाचलं नाही.

ई-रिक्षांविरुद्धची एक जनहित याचिका दिल्ली उच्च न्यायालयात त्याआधीपासूनच चालू होती. ३१ जुलैला न्यायालयानं शहरातल्या सगळ्या ई-रिक्षा बंद करायला सांगितलं. हजारो चालकांची रोजची कमाई एका दिवसात थांबली. बातम्यांमध्ये एका बाजूला मेलेलं मूल होतं आणि दुसऱ्या बाजूला उपाशी बसलेले चालक. त्या दोघांच्या मधला खरा प्रश्न मात्र कुणाच्या फारसा नजरेत आला नाही. या गाड्यांना नंबरप्लेट नव्हती. चालकाला लायसन लागत नव्हतं, कारण कुठलं लायसन द्यायचं हेच ठरलेलं नव्हतं. गाडीचा विमाही नव्हता. नोंदणी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून त्या आईनं भरपाई मागायची झाली तर ती फक्त त्या चालकाकडे मागायची, ज्याची सगळी मिळकत ती ई-रिक्षाच होती.

वाहनाला कायद्याच्या कुठल्या खणात ठेवायचं, हा कारकुनी प्रश्न वाटतो. मला तो तसा कधीच वाटला नाही. गाडी कुणी चालवायची आणि गाडीखाली कुणी गेलं तर पैसे कुणी भरायचे, हे दोन्ही त्या खणावर ठरतं. दोन चाकांची जागा कायद्यात पक्की आहे, चार चाकांचीही आहे. तीन चाकांची, वर टप असलेली, भाड्यानं माणसं नेणारी गाडी मात्र या देशात पाऊणशे वर्षं धावते आहे आणि तिचा खण ठरवता ठरवता सर्वोच्च न्यायालयाचं घटनापीठ बसवावं लागलं.

*

आधी ही गाडी आली कशी ते पाहू. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत कारखाने मोडून पडले होते आणि मालवाहतुकीला गाड्या नव्हत्या. पियाजिओ कंपनीनं व्हेस्पा स्कूटर काढली होती. तिचाच आराखडा करणाऱ्या कोराडिनो दास्कानिओ यांनी स्कूटरच्या मागे दोन चाकं आणि हौदा जोडून मालगाडी केली. तिचं नाव आपे, म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. आपल्या गावोगाव आज दिसणारी 'आपे' ती हीच. १९४८ पासून बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन, म्हणजे पुढची बजाज ऑटो, या दुचाक्या-तीनचाक्या आयात करून विकू लागली. हौद्याच्या जागी माणसं बसवायची कल्पना आपल्याकडे रुजवण्यात नवलमल फिरोदियांचं नाव घेतलं जातं, आणि ही नवी रिक्षा सुरुवातीच्या काळात ज्या रस्त्यांवर धावली त्यांत पुण्याचे रस्ते होते. १९५९ मध्ये बजाजला दुचाकी आणि तीनचाकी देशात बनवायचा परवाना मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी बजाज टेम्पो सुरू झाली होती. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या व्हिडाल अँड झोन कंपनीची 'टेम्पो हान्सिआट' ही तीनचाकी मालगाडी ती बनवू लागली. त्या एका गाडीवरून मराठीत मालाच्या सगळ्याच छोट्या गाड्यांना 'टेम्पो' म्हणायची सवय लागली, ती अजून आहे.

म्हणजे आपल्याकडे गाडी आधी आली. ती पोटापाण्याची गाडी होती, स्वस्त होती, अरुंद गल्लीत वळत होती. कायदा मागून आला आणि हाताशी असलेल्या शब्दांत तिला बसवू लागला.

इंग्लंडमध्ये याच्या उलट घडलं. तिथं कायदा आधी होता आणि गाडी त्याच्या मापानं शिवली गेली. तीन चाकांची, आठ हंड्रेडवेट म्हणजे साधारण ४०६ किलोंपेक्षा कमी वजनाची गाडी मोटरसायकलच्या लायसनवर चालवता येई आणि तिच्यावरचा करही कमी असे. घरात मोटरसायकल आणि साइडकार असलेला कामगार, बायको-पोरं पावसात भिजू नयेत म्हणून छपराची गाडी घ्यायला निघाला, की कारची वेगळी परीक्षा न देता त्याला ती घेता यायची. म्हणून टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीनं फायबरग्लासचं हलकं शरीर केलं आणि वर्षानुवर्षं किलो-किलो वजन वाचवत राहिली. प्रेस्टनला बाँड मिनिकार बनत होती, तिचाही हिशेब हाच. ब्रायटनला जर्मन इझेटा जुळवली जाई, तेव्हा इंग्रजी गिऱ्हाइकासाठी तिची तीन चाकांची आवृत्ती काढली गेली. त्यात आणखी एक अट होती. १९६३ पर्यंत मोटरसायकलच्या लायसनवर रिव्हर्स गिअर असलेली तीनचाकी चालवता येत नसे. म्हणून गाड्यांचा रिव्हर्स बंद करून त्या विकल्या जात. गाडी भिंतीला तोंड करून लावली तर खाली उतरून ढकलायची. लायसनचा एक नियम गाडीच्या गिअरबॉक्समध्ये जाऊन बसला होता.

आपल्याकडेही या जातीची एक गाडी होऊन गेली. १९७०च्या दशकात बंगळूरच्या सनराइज ऑटोमोटिव्ह इंडस्ट्रीजनं 'बादल' नावाची तीन चाकांची, फायबरग्लासची कार काढली. पुढे हीच मंडळी सिपानी म्हणून ओळखली गेली आणि त्यांनी रिलायंटच्याच किटन मोटारीवरून 'डॉल्फिन' काढली. बादल फार चालली नाही. इंग्लंडमध्ये तीन चाकांना जी सवलत होती, तसली कुठलीच हाक आपल्या बाजारात नव्हती. मग माणूस चौथं चाक का सोडेल?

*

आता आपला कायदा. १९८८चा मोटार वाहन कायदा उघडला की दुसऱ्या कलमात व्याख्या आहेत. मोटरसायकल म्हणजे दोन चाकांचं वाहन. तिला वेगळी काढता येण्याजोगी साइडकार लावली, साइडकारला स्वतःचं चाक असलं, तरी ती मोटरसायकलच. म्हणजे 'शोले'तल्या त्या गाडीची तीन चाकं कायद्याला दोनच दिसतात. ऑटोरिक्षाची तीन चाकं मात्र तीनच, म्हणून ती मोटरसायकल नाही. मग ती कोण? या व्याख्यांमध्ये 'ऑटोरिक्षा' अशी व्याख्याच नाही. देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर उभी असलेली ही गाडी कायद्याच्या व्याख्येत स्वतःच्या नावानं सापडत नाही. ती पायरी-पायरीनं शोधावी लागते. भाड्यानं जास्तीत जास्त सहा प्रवासी नेणारं वाहन म्हणजे मोटरकॅब. मोटरकॅब हे सार्वजनिक सेवा वाहन. सार्वजनिक सेवा वाहन हे परिवहन वाहन, म्हणजे ट्रान्सपोर्ट. आणि वजनानं पाहिलं तर ती हलकं मोटार वाहन, एलएमव्ही.

गोंधळ इथून सुरू झाला, कारण लायसनच्या दहाव्या कलमात हे दोन शब्द दोन वेगळ्या खणांत आहेत. गिअर नसलेली मोटरसायकल, गिअर असलेली मोटरसायकल, अपंगांची गाडी, हलकं मोटार वाहन, परिवहन वाहन, रोडरोलर असे ते खण. १४ नोव्हेंबर १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत मध्यम आणि अवजड मालगाड्या, मध्यम आणि अवजड प्रवासी गाड्या असे चार वेगळे खण होते. ते चारही काढून त्यांच्या जागी 'परिवहन वाहन' हा एकच शब्द आला. हेतू सोपेपणाचा होता. पण आता कुणी विचारलं, की ऑटोरिक्षा हलकी आहे आणि परिवहनही आहे, तर एलएमव्हीचं लायसन पुरतं की परिवहनाची वेगळी नोंद लागते, तर उत्तर देणारा माणूस आरटीओत एक असायचा, विमा कंपनीत दुसरा आणि कोर्टात तिसरा.

परिवहनाची नोंद ही किरकोळ गोष्ट नव्हती. सातव्या कलमाप्रमाणे परिवहन वाहनाचं शिकाऊ लायसन मिळायचं तर आधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन हातात हवं. लायसनची मुदत कमी, नूतनीकरण वारंवार. पुढे किमान आठवी पासची अटही आली, ती २०१९ मध्ये निघाली. महाराष्ट्रात त्यावर बॅज. ज्यांनी रिक्षावाल्यांच्या घरात वेळ घालवला आहे त्यांना तो बॅज माहीत आहे. खाकी शर्टाच्या खिशाला लावलेला धातूचा बिल्ला, त्यावर कोरलेला नंबर. रात्री शर्ट खुंटीला अडकवला की काढून देवळीत ठेवायचा, कारण हरवला तर पुन्हा आरटीओच्या खेपा. माझ्या ओळखीच्या एका चालकाच्या घरी गणपतीजवळ बॅज ठेवलेला मी पाहिला आहे. दसऱ्याला रिक्षाला हार घातला की बॅजलाही एक फूल.

*

विम्याचा धागा याच्याही मागे जातो. वाटसरूला धडक बसली तर त्याची भरपाई विम्यातून मिळावी म्हणून तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा करण्याची कल्पना ब्रिटिश कायद्यातून आली आणि १९३९च्या मोटार वाहन कायद्यातलं ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. कल्पना अत्यंत माणुसकीची आहे. गाडीमालक गरीब असो, पळून गेलेला असो, मेलेला असो, जखमी माणसाला पैसे मिळालेच पाहिजेत. म्हणून विमा कंपनीला नाही म्हणायच्या वाटा कायद्यानं मोजून ठेवल्या. १९८८च्या कायद्यात त्या १४९व्या कलमात होत्या, आणि त्यांतली एक अशी, की चालकाकडे त्या वाहनाचं रीतसर लायसन नव्हतं.

त्या एका वाटेवरून किती दावे गेले असतील! विमा ठरवताना तीनचाकीचा खण स्पष्ट असतो. २००२च्या दरपत्रकातही व्यावसायिक वाहनांमध्ये प्रवासी तीनचाकीचा वेगळा वर्ग आहे, सहा प्रवाशांपर्यंतची वेगळी आणि सहाच्या वर सतरापर्यंतची वेगळी. पुणेकरांची सहा आसनी आणि नगर भागात जिला डुक्कर रिक्षा म्हणत ती, या सगळ्यांना कुठे ना कुठे जागा आहे. हप्ता ठरतो तो एक मूळ रक्कम अधिक दर प्रवाशामागे काही रक्कम, असा. हप्ता घेताना गाडी कुठल्या वर्गातली हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. भरपाई द्यायची वेळ आली की प्रश्न गाडीवरून चालकाच्या लायसनवर येतो.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मी एक दुपार बसून काढली आहे. साक्षीला रिक्षाचालक उभा होता. चाळिशीचा, धुऊन धुऊन पांढरट पडलेला खाकी शर्ट. अपघातात एक पादचारी गेला होता. विमा कंपनीच्या वकिलांनी वेग विचारला नाही, ब्रेक विचारला नाही, वळण कसं होतं तेही विचारलं नाही. लायसनची प्रत त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "यावर ट्रान्सपोर्ट कुठं लिहिलंय ते दाखवा." तो बराच वेळ कागद पाहत राहिला. मग म्हणाला, "साहेब, पंधरा वर्षं झाली चालवतोय." मागच्या बाकावर मयताची बायको बसली होती. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. आपल्या नवऱ्याच्या मरणाचा त्या एका इंग्रजी शब्दाशी काय संबंध, हे तिला कुणी समजावून सांगितलं असेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

वरच्या न्यायालयांतून येणारे निकालही एका दिशेचे नव्हते. १९९९ मध्ये अशोक गंगाधर मराठा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे स्वराज माझदा ट्रक होता, वजन ५,९२० किलो, आणि चालकाकडे हलक्या वाहनाचं लायसन. महाराष्ट्राच्या राज्य ग्राहक आयोगानं भरपाई दिली होती, राष्ट्रीय आयोगानं ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयानं ट्रक मालकाच्या बाजूनं कौल दिला. हलक्या वाहनाची व्याख्या वाचा, असं त्या निकालाचं सांगणं. पुढे काही निकालांनी नेमकं उलट म्हटलं, की परिवहनाची नोंद नसेल तर लायसन रीतसर नाही. २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी मधली वाट घट्ट केली, की कंपनीनं आधी जखमींना पैसे द्यावेत आणि दोष मालकाचा ठरला तर मग त्याच्याकडून वसूल करावेत. या वाटेनं अपघातग्रस्ताला निदान पैसे मिळू लागले, याचं मोल फार मोठं आहे. पण वसुलीची नोटीस ज्या मालकाच्या दारात जायची तो बहुतेकदा कर्ज काढून एक रिक्षा घेतलेला माणूस असायचा.

*

हे सगळं चालू असताना दिल्लीत ई-रिक्षा आली. तिचा उगम शोधत गेलं तर एक वाट आपल्या फलटणला येते. निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा ओढणाऱ्याचे कष्ट कमी करायचे म्हणून बॅटरीवरच्या रिक्षेवर काम केलं. २००० च्या सुमारास त्यांची 'एलेक्शा' रस्त्यावर चाचण्या देत होती. माणसानं माणसाला ओढू नये, हा त्यामागचा विचार होता. उन्हात सायकलरिक्षा ओढणाऱ्याच्या पोटऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या विचाराचं मोल सांगायला नको.

दिल्लीत जी आली ती मात्र फलटणची नव्हती. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या सुमारास चीनमधून सुटे भाग आणून जुळवलेल्या गाड्या मेट्रो स्थानकांबाहेर दिसू लागल्या. पातळ पत्र्याचं शरीर, समोरासमोर दोन बाकं, सीटखाली शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या. आवाज जवळजवळ नाही. मागून आली तर कळतही नाही.

कायद्यात तिच्यासाठी एक फट होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे २५० वॅटपेक्षा कमी शक्तीचं आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचं बॅटरीचं वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. मोटार वाहन नाही म्हणजे नोंदणी नाही, लायसन नाही, सक्तीचा विमा नाही. ही सवलत मुळात बॅटरीच्या सायकलीसाठी शोभणारी. चार माणसं आणि सामान घेऊन चालणारी गाडी २५० वॅटवर हलणार कशी? प्रत्यक्षात तपासल्या गेलेल्या ई-रिक्षांची शक्ती त्याहून कितीतरी जास्त होती. म्हणजे कायद्यानं त्या मोटार वाहनच होत्या आणि तरी नोंदणीशिवाय धावत होत्या.

जून २०१४ मध्ये नवे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ६५० वॅटपर्यंतच्या ई-रिक्षा मोटार वाहन कायद्याच्या बाहेर ठेवायची घोषणा केली. नगरपालिकेकडे शंभर रुपयांत नोंद होईल असं सांगितलं. चालकांना ते दिलासा देणारं होतं, आणि त्यांच्या अडचणीकडे पाहण्यामागची कळकळ मला खरी वाटते. पण कायद्याबाहेर ठेवलं की विमाही बाहेर जातो, ही गोष्ट त्या घोषणेत नव्हती. महिना-दीड महिन्यात त्रिलोकपुरी घडलं.

बंदी आली आणि मग सगळ्यांनाच कळलं, की गाडीला कायद्याच्या आत घ्यावं लागणार. ८ ऑक्टोबर २०१४ ला केंद्रानं नियम काढले. ई-रिक्षा म्हणजे जास्तीत जास्त चार प्रवासी आणि ४० किलो सामान. मालाची ई-कार्ट ३१० किलोपर्यंत. मोटर २,००० वॅटच्या वर नाही, वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नाही. चालकाला दहा दिवसांचं प्रशिक्षण, लायसन जास्तीत जास्त तीन वर्षांचं.

तरी काम पुरं झालं नाही, आणि इथं सातवं कलम पुन्हा आडवं आलं. ई-रिक्षा परिवहन वाहन, म्हणजे तिच्या शिकाऊ लायसनआधी वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन हवं. काल सायकलरिक्षा ओढणारा माणूस कारचं लायसन कुठून आणणार? आणि ही अट मूळ कायद्यात होती, ती नियमानं मोडता येत नाही. म्हणून कायदाच बदलावा लागला. डिसेंबरात विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं, जानेवारी २०१५ मध्ये वटहुकूम निघाला आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. ई-रिक्षा चालकाला एक वर्षाची अट नाही, असं त्यात आलं. आणि कायद्यात 'दोन अ' हे नवं कलम आलं: भाड्यानं माल किंवा माणसं नेणारं, तीन चाकांचं, ४,००० वॅटपर्यंतचं, बॅटरीवर चालणारं खास वाहन, म्हणजे ई-कार्ट किंवा ई-रिक्षा.

मी ही ओळ वाचतो तेव्हा दर वेळी थांबतो. पुण्याच्या रस्त्यावर १९५०च्या आसपास आलेल्या पेट्रोलच्या रिक्षेला जे या कायद्यात मिळालं नाही, ते चार-पाच वर्षांच्या या पोराला मिळालं. तीन चाकं, असं स्पष्ट लिहून. त्यासाठी एक मूल जावं लागलं.

*

ऑटोरिक्षाचा प्रश्न कोर्टातच सुटायचा होता. ३ जुलै २०१७ ला मुकुंद देवांगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं उलटसुलट निकालांचा गुंता हातात घेतला. त्यांचं म्हणणं व्याख्येच्या पहिल्याच शब्दांवर उभं आहे. कलम दोनमध्ये हलक्या वाहनाची व्याख्या सुरू होते ती 'परिवहन वाहन' या शब्दांनी. ज्याचं एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत आहे असं परिवहन वाहन हलकं वाहनच आहे, असं कायदाच म्हणतो. मग हलक्या वाहनाचं लायसन असलेल्या माणसाकडे वेगळी नोंद कशाला मागायची? १६ एप्रिल २०१८ ला केंद्रीय मंत्रालयानं राज्यांना तसं कळवलं.

विमा कंपन्यांना ते पटलं नाही. त्यांचा मुद्दा अगदीच हलका नव्हता. स्वतःच्या घरच्यांना कारमधून नेणारा आणि पैसे घेऊन परक्या माणसांना नेणारा, या दोघांकडून कायदा वेगळी तयारी मागतो, मग लायसनच्या खणांमध्ये ते दिसायला नको का, असं ते विचारत होते. मार्च २०२२ मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ बसलं, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड त्याचे प्रमुख. सुनावणी मध्येच थांबवून पीठानं केंद्राला विचारलं, की लाखो लोक या निकालावर विसंबून गाडी चालवत आहेत, धोरण म्हणून तुम्हाला काय वाटतं ते सांगा. टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, भाजीची गाडी, दुधाची गाडी, शाळेची मुलं नेणारी छोटी व्हॅन, या सगळ्यांचे चालक त्या प्रश्नात होते.

६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला. एकमतानं. न्यायमूर्ती हृषिकेश रॉय यांनी तो लिहिला आहे. २०१७ चा निकाल कायम राहिला. ७,५०० किलोंच्या आतलं परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं, ते दोन खण एकमेकांपासून पूर्ण तुटलेले नाहीत, एकाचा काही भाग दुसऱ्यावर येतो. परिवहनाच्या जादा अटी त्याहून जड गाड्यांना लागू. रस्त्यावर २०२३ मध्ये सुमारे १.७ लाख माणसं मेली याची नोंद निकालात आहे. आणि हलक्या वाहनाच्या लायसनवर परिवहन वाहन चालवणाऱ्यांमुळे अपघात वाढतात, असं दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे कुणी आणली नाही, हेही त्यात नोंदलं आहे. माझ्या मते हा या निकालाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. इतकी वर्षं त्या एका नोंदीवर भरपाया अडवल्या गेल्या, आणि ती नोंद नसल्यामुळे माणसं मरतात हे आकड्यांनी सिद्ध करायला मात्र कुणी बसलं नव्हतं.

निकालात एक अपवाद आहे. धोकादायक माल नेणाऱ्या गाड्या, ई-कार्ट आणि ई-रिक्षा यांच्या खास अटी तशाच राहतील. म्हणजे ऑटोरिक्षा अखेर हलक्या वाहनाच्या मोठ्या खणात स्थिरावली, आणि ई-रिक्षा तिच्या शेजारी, स्वतःच्या वेगळ्या खणात.

गेल्या पावसाळ्यात मी अशा एका ई-रिक्षेत बसलो. बाजूचे रबरी पडदे खाली सोडले होते, आत ओल्या कपड्यांचा आणि बॅटरीचा वास. समोरच्या बाकावर एक आजीबाई नातवाला मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. चालकाच्या सीटच्या मागे, पत्र्यावर खिळ्यानं ठोकलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात विम्याच्या पॉलिसीची प्रत होती. घडीवर घडी पडून अक्षरं पुसट झालेली. बसण्याची क्षमता चार अधिक एक. नंबर पुढच्या पाटीवर होता तोच. मी पत्ता सांगायचा विसरून ती प्रत वाचत राहिलो. मुदत संपायला अजून चार महिने होते.